अजिंठा गुप्तांचा नव्हे, आणि नुसता वाकाटकांचाही नव्हे

गुप्त काळाला प्राचीन भारताचे सुवर्णयुग म्हणण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की चौथ्या-पाचव्या शतकात या देशात जे जे उत्तम घडले, ते सारे पाटलीपुत्राच्या खात्यावर आपोआप जमा होते. कालिदास त्यांचा, मेहरौलीचा लोहस्तंभ त्यांचा, हूणांच्या आक्रमणांनी साम्राज्य खिळखिळे झाल्यानंतर इ. स. ४९९ च्या सुमारास सिद्धान्त मांडणारा आर्यभटही त्यांचा, आणि ओघाओघाने अजिंठ्याची चित्रेही त्यांचीच. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांनी गुप्त सम्राट समुद्रगुप्ताला भारताचा नेपोलियन म्हटले, पुढे राष्ट्रवादी इतिहासकारांनाही असा भव्य भूतकाळ हवाच होता, आणि तेव्हापासून सर्वसामान्य वाचकाच्या मनातले हे चित्र फारसे हललेले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की निदान मराठी वाचकाने तरी हा हिशेब तपासून पाहावा, कारण त्याची कागदपत्रे, म्हणजे शिलालेख आणि ताम्रपट, आपल्याच जिल्ह्यांत सापडलेली आहेत.

अजिंठ्यातील ९ आणि १० क्रमांकांची चैत्यगृहे सातवाहनकालीन आहेत, हे सर्वांना ठाऊक असते. पण ज्या चित्रांसाठी जग तिथे येते, ती १, २, १६ आणि १७ या क्रमांकांची लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. १६ व्या लेण्यातील लेख विदर्भात राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्यातला राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने कोरवून घेतला. त्यात विंध्यशक्तीपासूनची वाकाटकांची वंशावळ आहे, आणि या लेण्याला गवाक्षे, दारे आणि चित्रवीथी असल्याचे वर्णनही आहे. १७ वे लेणे हरिषेणाच्या एका मांडलिक राजाचे. रविसांब हा धाकटा भाऊ गमावल्यानंतर तो धर्मकार्याकडे वळला, असे तिथला लेख सांगतो. २६ व्या लेण्याचा दाता बुद्धभद्र नावाचा भिक्षू असून अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याचे स्मरण त्याने कृतज्ञतेने केले आहे. या तिन्ही लेखांत गुप्त सम्राटाचे नाव कुठेही नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी होती. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन मुलांच्या वतीने तिने दीर्घकाळ कारभार पाहिला. पुण्यात सापडलेल्या तिच्या ताम्रपटाची सुरुवात सासरच्या नव्हे तर माहेरच्या, गुप्तांच्या वंशावळीने होते, आणि ती स्वतःचे गोत्रही माहेरचे, धारण हेच सांगते. म्हणजे गुप्तांचा वचक आणि प्रभाव विदर्भात होता, याबद्दल वाद नको. मात्र हे सारे वाकाटकांच्या रामटेकजवळच्या नंदिवर्धन शाखेत आणि हरिषेणाच्या कितीतरी वर्षे आधी घडले. हरिषेण हा वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. ही शाखा प्रभावतीच्या जन्माच्याही पूर्वी वेगळी झालेली होती. १९३९ साली वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडेपर्यंत अभ्यासकांनाही या शाखेची नीट कल्पना नव्हती. त्याच्या आधारे वा. वि. मिराशी यांनी १६ व्या लेण्यातील झिजलेल्या लेखाचे पूर्वीचे वाचन दुरुस्त केले, तेव्हा कुठे अजिंठ्याच्या आश्रयदात्यांचा वंश स्पष्ट झाला. इतके होऊनही ‘गुप्तकालीन अजिंठा’ हा शब्दप्रयोग आजही सर्रास वाचायला मिळतो, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

आता इथपर्यंत वाचून ज्यांची छाती अभिमानाने फुगली असेल, त्यांना पुढचा भाग कदाचित आवडणार नाही. गुप्तांचे सुवर्णयुग खोडून तिथे वाकाटकांचे सुवर्णयुग लिहावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही.

प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन हा ‘सेतुबंध’ या महाराष्ट्री प्राकृतातील काव्याचा कर्ता मानला जातो. संस्कृत काव्यशास्त्रकार दण्डीने महाराष्ट्रीला श्रेष्ठ प्राकृत म्हणताना दाखला दिला तो याच काव्याचा. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर आपण ज्या प्राचीन वारशाचा गौरव केला, त्यात हे काव्यही येते. याच प्रवरसेनाचा एक ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडला आहे. आपल्या कारकिर्दीच्या १८ व्या वर्षी त्याने मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव, राजमापाने ८,००० भूमी (भूमी हे तेव्हाचे जमीन मोजण्याचे एकक) एवढे क्षेत्र, १,००० ब्राह्मणांना दान दिले. दानासोबत सवलतींची यादी आहे: राजाचे शिपाई-प्यादे गावात शिरणार नाहीत, गाई-बैल द्यावे लागणार नाहीत, फुले आणि दूध मागितले जाणार नाही, चारा, कातडी आणि कोळसा यांची मागणी होणार नाही, मिठावरील राजहक्क लागू होणार नाही आणि सर्व प्रकारची वेठ माफ राहील. ही यादी मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला दान मिळालेले गाव दिसत नाही, तर त्याच्या आजूबाजूची दान न मिळालेली गावे दिसतात. माफी ज्या गोष्टींची द्यावी लागते, त्या गोष्टी एरवी वसूल होतच असणार.

त्याच ताम्रपटातील अटी तर आणखी बोलक्या आहेत. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, राजावर विषप्रयोग करू नये, युद्ध करू नये, शेजारच्या गावांना त्रास देऊ नये; तसे केल्यास जमीन परत घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष लागणार नाही. ज्या राज्यात सारे आलबेल आहे, तिथे दानपत्रात अशी कलमे घालावी लागत नाहीत. गुप्तांच्या मुलुखाची कथाही वेगळी नव्हती. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियान या चिनी प्रवाशाने लोकांच्या सुबत्तेचे कौतुक केले आणि चांडाळांना नगरात शिरताना लाकूड वाजवत यावे लागते, हेही लिहून ठेवले.

मग अजिंठ्याचे श्रेय कोणाचे? वराहदेवाने पैसा पुरवला, हे खरे. परंतु कातळ छतापासून खाली खोदत आणण्याचे कसब, कोंडा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेला मातीचा गिलावा, त्यावरचा चुन्याचा हात, खनिज रंग, दूर बदख्शानच्या खाणींतून व्यापारी मार्गांनी आलेला लाजवर्दी निळा, यांपैकी कशावरही राजवंशाचे नाव घालता येत नाही. ती कारागिरांच्या पिढ्यांची आणि व्यापाऱ्यांच्या तांड्यांची कमाई होती. राजाश्रय किती नाजूक होता, हे २४ व्या लेण्यात दिसते. हा विहार पूर्ण झाला असता तर अजिंठ्यातील सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक ठरला असता, पण तो अर्धवट राहिला. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मते हरिषेणाच्या काळातले बहुतेक काम जेमतेम दोन दशकांत झाले आणि त्याच्या मृत्यूनंतर लवकरच थांबले. सर्व अभ्यासकांना हा कालक्रम मान्य नाही, मला मात्र तो बराचसा पटतो.

म्हणून शाळेच्या पुस्तकात या काळाबद्दल काही बदलायचेच असेल, तर वंशाचे नाव बदलून भागणार नाही. वराहदेवाच्या लेखातील चित्रवीथींचे वर्णन आणि चम्मक ताम्रपटातील वेठमाफीचे कलम, दोन्ही सोप्या मराठीत एकाच पानावर छापावीत. नववीतल्या मुलांना ती समजतील, आणि त्यांना प्रश्नही पडतील.