टाका पिकला, क्लेम पिकेना
बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन चतुर्थीआधी झालं. जाळी बसवली, तिथंच पू धरला, म्हणून डिचोलीहून पुन्हा म्हापशाला अ‍ॅडमिट. आता विमावाले विचारतात, हा आजार नवा की जुना? अरे, तुम्हीच पैसे दिलेल्या ऑपरेशनचा आहे ना तो! विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयचा 2024 चा नियम म्हणतो, डिस्चार्जची मंजुरी 3 तासांत. आम्ही सकाळी 10 पासून बिलिंगच्या खिडकीपाशी, डब्यातली पेज गार. त्यात खोलीचं भाडं मर्यादेच्या वर गेलं, म्हणून सर्जनची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली. खोलीचा नि सुरीचा काय संबंध? हातमोज्यांचे पैसेही आमच्याच माथी. हप्ता मात्र एक दिवस लांबला की लगेच मेसेज. आज चौथ्यांदा तोच डिस्चार्ज पेपर मागितलाय. बाबा म्हणतात, जखमच स्कॅन करून पाठव.