भिंतीवर काहीही चिकटवू नये

सोसायटीनं मला 200 रुपये दंड लावलाय. गुन्हा : 'जिन्यातील भिंतीस प्लॅस्टिक चिकटवणे.' अडतीस वर्षं लोकांच्या भिंती खरवडल्या, घासल्या, रंगवल्या, तेव्हा कुणी दंड केला नाही. तो झाला हात टेकल्यावर, डोंबिवलीतल्या माझ्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये.

गुडघ्यांनी शिडीला रामराम ठोकला तेव्हापासून नात मागे लागली होती. "आबा, तुम्हाला येतं ते मोबाइलवर सांगा ना, लोक बघतात." पहिला व्हिडिओ लांबीवर करू म्हटलं, तर ती म्हणाली, "कशाची लांबी?" पुट्टीला आम्ही लांबी म्हणतो हे समजावण्यातच तो रविवार गेला. म्हणून मग भिंतीतल्या ओलीवर करायचं ठरलं.

युक्ती साधी आहे. वीतभर प्लॅस्टिक भिंतीला लावायचं, चारी बाजूंनी टेप मारून घट्ट बंद करायचं आणि चोवीस तास त्याच्याकडे बघायचं नाही. आतल्या अंगाला थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या अंगाला धरले तर हवा दमट आहे. आतून असेल तर रंगाचा डबा उघडूच नका. आधी पाणी कुठून येतं ते शोधा.

यासाठी आमच्या दुसऱ्या मजल्याचा जिना म्हणजे खाणच. पोपडे सुटलेत, लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा क्षार, पांढराशुभ्र फुललाय. मी टेप मारतोय, नात शूटिंग करतेय, तेवढ्यात दुधाची पिशवी घेऊन नाना वर आले. नाना कमिटीत आहेत. एकोणीस वर्षं शेजार आहे, पण मला अजून 'पेंटर' म्हणतात.

"काय पेंटर, कुणाचा वाढदिवस?"

"नाही नाना, ओल बघतोय."

"कुठाय ओल?" नानांनी एका पोपड्यावर बोट ठेवलं. तो बोटाबरोबरच खाली आला. "हा रंगच हलका होता."

"रंग चांगला होता. मागून पाणी ढकलतंय."

"मागे तर माझं बाथरूम आहे!"

मी काही बोललो नाही. नातही बोलली नाही. दुधाच्या पिशवीतून तेवढा एक थेंब टपकला.

आता नाना घरी जातील असं वाटलं. ते चाळीस मिनिटं थांबले. लेखी परवानगी आहे का? प्लॅस्टिक किती मायक्रॉनचं?

"आणि हे रात्रभर राहणार? कुणी घसरलं म्हणजे?"

"भिंतीवर आहे, नाना. भिंतीवर कोण घसरणार?"

नानांनी क्षणभर विचार केला. "पाल."

"पाल?"

"प्लॅस्टिकवरून पाल घसरली आणि कुणाच्या अंगावर पडली, तर जबाबदारी कुणाची?"

पाल कुठल्या अवयवावर पडली की काय फळ मिळतं, हे पंचांगात दिलेलं असतं. नाना ते सांगू लागले. मस्तकापासून सुरुवात केली. पोटरीपर्यंत आले तेव्हा नातीच्या मोबाइलची बॅटरी संपली होती.

मध्येच मी म्हटलं, जुन्या चाळींना चुना होता तेच बरं होतं. पिंपात कळीचा चुना टाकला की पाणी रटरट उकळायचं. रात्रभर मुरवायचा, फडक्यातून गाळायचा, डिंक घालायचा, चिमूटभर नीळ. चुन्यातून भिंत श्वास घेते, आतली ओल हवेत निघून जाते. प्लॅस्टिक पेंटनं तिचं नाक दाबलं की ती फुगते. "तुमच्या काळातलं राहू द्या," नाना म्हणाले. "आता रंग कॉम्प्युटरवर होतात." मग आवाज उतरवून, "हे सगळं करून तुम्हाला काय, टोकन मिळतं का?"

रंगाच्या डब्यात कंपन्या पेंटरसाठी टोकन टाकायच्या, हे खरं आहे. ते किती रुपयांचं असतं हे मला शंभर जणांनी विचारलं असेल. भिंतीला ओल का येते हे एकानंही विचारलं नाही. चहा मिळायचा, कान तुटलेल्या कपात. तो कप पेंटरसाठीच जपून ठेवलेला असायचा. घरगुती रंगातल्या विषारी शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत 90 भागांची, मर्यादा लागू झाली 2017 च्या नोव्हेंबरपासून. मी 1981 सालापासून दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट काचपेपरनं कोरडाच घासत होतो, तोंडाला फडकं बांधून. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला की तेच फडकं सोडायचं. पाणी मारून घासा, धूळ उडू देऊ नका, हे सांगायला तेव्हा कुणी नव्हतं. पुढचा व्हिडिओ त्यावर करायचाय. खोकला थांबला की.

असो. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर प्लॅस्टिक गायब. त्याच जागी कमिटीची नोटीस : 'भिंतीवर काहीही चिकटवू नये.' भिंतीवर चिकटवलेली! पाण्यानं खराब होऊ नये म्हणून वरून प्लॅस्टिक लावलेलं आणि चारी बाजूंनी टेप. मी इतकी छान टेप मारली नव्हती.

नातीला म्हटलं, हात लावू नकोस. चोवीस तास थांब.

कागद मागून भिजला. आतल्या अंगाला थेंब मोत्यासारखे धरले, शाई फुटली. 'चिकटवू नये' विरघळून खाली ओघळलं, 'भिंतीवर काहीही' एवढंच उरलं. नातीनं मन लावून शूटिंग केलं. सोमवारी कॉन्ट्रॅक्टरची पोरं याच भिंतीवर लांबी भरणार आहेत, दिवाळीच्या आत रंग हवा म्हणून. मला विचारलेलं नाही. दंडाची पावती मात्र न चुकता घरपोच आली.

दार उघडून नाना बाहेर आले. चष्मा वर करून त्यांनी नोटीस नीट न्याहाळली.

"शाईच हलकी आहे," ते म्हणाले.