मुंबईची वीज गेली म्हणून क्षेपणास्त्र डागायचा हक्क मिळत नाही

एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाच्याने हा फॉरवर्ड थेट नोट्समध्ये उतरवून घेतलाय, म्हणून लिहिणं भाग आहे. मजकूर थोडक्यात असा: १२ ऑक्टोबर २०२० ला चीनने सायबर हल्ला करून मुंबईची वीज घालवली, सायबर हल्ला म्हणजे युद्धच, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम ५१ नुसार भारताला त्याच दिवशी क्षेपणास्त्र डागायचा हक्क होता, इस्रायलने तेच केलं, आपण घाबरलो.

आधी चीनचं. रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीच्या २०२१ च्या अहवालावरून ही चर्चा सुरू झाली. आपल्या वीज यंत्रणेत घुसखोरीचे प्रयत्न झाले, हे मलाही मान्य आहे. पण त्याच अहवालात, मुंबईतल्या बिघाडाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, असंही लिहिलंय. राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. कारणच पक्कं नाही, मग क्षेपणास्त्र कुणावर सोडायचं?

खरा घातक मुद्दा कलम ५१ चा. ते कलम 'सशस्त्र हल्ला' झाला तर स्वसंरक्षणाचा हक्क देतं, कुठल्याही आगळिकीला नाही. निकाराग्वा विरुद्ध अमेरिका खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्येच हे स्पष्ट केलं. बळाच्या वापराचे अत्यंत गंभीर प्रकार तेवढे सशस्त्र हल्ल्यात मोडतात, आणि ते ठरतं हल्ल्याच्या व्याप्तीवरून आणि परिणामांवरून. दुसऱ्या देशातल्या बंडखोरांना शस्त्रं पुरवणं हासुद्धा न्यायालयाने सशस्त्र हल्ला मानला नाही! तिथे काही तास लोकल बंद पडण्याचं काय घेऊन बसलात?

एवढं मात्र कबूल करतो की सायबर हल्ला कधीच सशस्त्र हल्ला ठरू शकत नाही, असं नाही. संगणकात शिरून कुणी धरणाचे दरवाजे उघडले आणि गावंच्या गावं वाहून गेली, तर हत्यार कोणतं होतं याला महत्त्व उरत नाही. पण देशांचं आजवरचं वागणं बघा. २००७ मध्ये सायबर हल्ल्यांनी एस्टोनियाच्या बँका आणि सरकारी संकेतस्थळं ठप्प झाली, तरी नाटोचं सामूहिक संरक्षणाचं कलम वापरलं गेलं नाही. स्टक्सनेट या संगणकी विषाणूने इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातली युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं प्रत्यक्ष मोडली, तरी तो सशस्त्र हल्ला होता का यावर टॅलिन मॅन्युअल (सायबर हल्ल्यांना आंतरराष्ट्रीय कायदा कसा लागू होतो, यावरचा तज्ज्ञांचा ग्रंथ) लिहिणाऱ्यांचं एकमत झालं नाही.

शिवाय पुरावा देण्याची जबाबदारी स्वसंरक्षणाचा दावा करणाऱ्यावरच असते. अमेरिकेने इराणचे समुद्रातले तेल-फलाट उद्ध्वस्त करून त्याला स्वसंरक्षण म्हटलं, पण त्यावरच्या खटल्यात २००३ मध्ये तिला ही जबाबदारी पार पाडता आली नाही, आणि तिथे तर खरंखुरं क्षेपणास्त्र जहाजावर आदळलं होतं.

इस्रायलचं उदाहरण गैरलागू आहे. मे २०१९ मध्ये सायबर हल्ल्याचा प्रयत्न झाल्याचं सांगून इस्रायलने हमासच्या सायबर पथकाची इमारत पाडली, तेव्हा गाझातून रॉकेटं येत होती, लढाई आधीच पेटलेली होती.

आणि बळ वापरायचं नाही म्हणजे गप्प बसायचं, असंही नाही. निषेध, निर्बंध, राजनैतिक संबंध तोडणं आणि जबाबदार देश सिद्ध झाला तर बळाविना प्रतिउपाय (म्हणजे एरवी बेकायदा ठरेल असं उत्तरादाखल पाऊल), हे सगळं कायद्यात बसतं. अल्बानियाच्या सरकारी यंत्रणांवर २०२२ मध्ये मोठा सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथल्या सरकारने इराणला जबाबदार धरून त्याच्याशी संबंध तोडले आणि दूतावासातल्या लोकांना २४ तासांत देश सोडायला लावला.