समुद्रातल्या जीवांची यादी ‘पूर्ण’ झालेली नाही

सोलापुरातल्या पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं असं: भूमध्य समुद्रातल्या १७,००० जीवजातींची यादी शास्त्रज्ञांनी केव्हाच पूर्ण केली, उरलंसुरलं डीएनए तपासणी करील, अशा याद्यांनी एक मासाही वाचत नाही. तेव्हा मुलांना प्राणीशास्त्राला घालून त्यांचं आयुष्य वाया घालवू नका. सोलापूरला समुद्राशी काय देणंघेणं? प्रवेशाच्या दिवसांत असा मजकूर पुढे ढकलला जातोय, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी ‘यादी पूर्ण झाली’ हे घेऊ. १७,००० हा आकडा खरा आहे. २००० ते २०१० अशी दहा वर्षं चाललेल्या जागतिक सागरी जीवगणनेत भूमध्य समुद्राचा जो आढावा निघाला, त्यातला तो आहे. पण ‘सुमारे’ हा शब्द संदेशात गळला. सूक्ष्मजीव, खोल तळ, दक्षिणेचा आणि पूर्वेचा किनारा यांची माहिती तोकडी असल्याचं त्या आढाव्यातच लिहिलेलं आहे. जगाच्या सागरी पृष्ठभागाच्या एक टक्काही नसलेला हा समुद्र. त्याच्या काठी अॅरिस्टॉटलपासून लोक जलचरांचं निरीक्षण करत आले. तिथे ही स्थिती.

२०१३ मध्ये व्हेनिसच्या आखातात जेलीफिशचे थवे दिसले. साध्या डोळ्यांना दिसणारा, जाळ्यात येणारा प्राणी, आणि विज्ञानाच्या दप्तरी त्याचं नावच नाही! २०१४ मध्ये नवी जाती म्हणून त्याचं वर्णन झालं, ‘पेलाजिया बेनोविची’. जहाजांनी समतोलासाठी भरून आणलेल्या पाण्यातून ती आली असावी, असा अंदाज होता. पण कुठल्या समुद्रातून? ते तेव्हा सांगता येईना, कारण जगातल्या कुठल्याच समुद्राच्या यादीत ती नव्हती. एका समुद्राचं कोडं दुसऱ्या समुद्राच्या अपुऱ्या नोंदींमुळे अडतं, ते असं.

यादी करणं म्हणजे नुसती भर घालणं, हाही गैरसमज. कित्येक जीवांना वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी नावं देऊन ठेवली आहेत. युरोपच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या एका गोगलगायीला तब्बल ११३ नावं मिळाली होती. सागरी जातींच्या जागतिक नोंदवहीने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या हिशोबात सुमारे ४,१९,००० नावांपैकी सुमारे १,९०,००० पुनरुक्ती ठरली. हे निस्तरायला जुने ग्रंथ आणि बरण्यांतले नमुने समोर ठेवून बसणारी माणसंच लागली.

आता डीएनए. बादलीभर समुद्राच्या पाण्यातून तिथल्या प्राण्यांचे डीएनएचे अंश मिळतात, हे खरंच विलक्षण आहे. पण तो अंश कोणाचा, हे ठरतं ते आधीच ओळखलेल्या नमुन्याच्या डीएनएशी ताडून. दुकानातल्या यंत्राने पुड्यावरच्या रेघा वाचल्या, पण त्या मालाची नोंदच केलेली नसेल, तर यंत्र गप्प बसतं. ती नोंद करणारा वर्गीकरणतज्ज्ञ नको असेल तर डीएनए तपासणीतून ‘अनोळखी’ एवढंच उत्तर हाती येईल.

‘एक मासाही वाचत नाही’ या वाक्यात अर्धं सत्य आहे. नान्नजच्या अभयारण्यात वन विभाग वर्षानुवर्षे मोजणी करत आला. नुसत्या मोजणीने माळढोक वाचला नाही. पण तो घटतोय हे कळलं ते त्या मोजणीमुळेच. आणि कायद्याला तर नाव लागतंच. आपला वन्यजीव कायदा अनुसूचींवर चालतो. २००१ मध्ये व्हेल शार्कचं नाव त्यात आलं, तेव्हा गुजरात किनाऱ्यावरची त्याची शिकार गुन्हा ठरली.

यादीमुळे माणसंही वाचतात. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यापासून तांबड्या समुद्रातले शेकडो जीव भूमध्य समुद्रात शिरले. २००३ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर एक चंदेरी पट्ट्याचा फुगा मासा सापडला. त्याचं विष शिजवूनही जात नाही. तो हिंदी महासागरातला कोणता मासा, हे नोंदींवरून ओळखता आलं, म्हणून तो खाऊ नका असं लोकांना सांगता आलं. तरीही काहींना विषबाधा झालीच. नाव माहीत नसतं तर काय झालं असतं?

राहिला सोलापूरचा प्रश्न. आठवडी बाजारातले बोंबील आणि सुकट अरबी समुद्रातूनच येतात, पण तेवढ्यावर मी थांबत नाही. उजनीच्या जाळ्यात आज चिलापी भरभरून येते. हा मूळचा आफ्रिकेतला मासा. तिच्यामुळे भीमेतले कोणते मासे मागे पडले, हे ठामपणे सांगायला धरणाआधीच्या नोंदी हव्यात. भूमध्य समुद्रातला अभ्यासक हाच प्रश्न सोडवतोय, आणि त्याचं शिक्षण प्राणीशास्त्राच्या साध्या प्रयोगशाळेतच सुरू होतं.

तेव्हा पालकांनो, मुलाला ही आवड असेल तर त्याला अडवू नका. आणि महाविद्यालयांना एक विनंती: प्रयोगशाळेची रंगरंगोटी निघाली की फॉर्मालीनच्या जुन्या बरण्या अडगळ म्हणून बाहेर काढल्या जातात. आत मासा, शिंपला, काहीही असो. चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख वाचता येत असेल, तर ती बरणी कृपा करून फेकू नका.