नाव बदल म्हणाले होते त्याला

शाळेच्या ग्रुपवर तीन दिवस एका मित्राचं एकच रडगाणं चालूय. अशोक सराफांना पद्मश्री मिळायला २०२५ उजाडलं, आपल्याकडे चरित्र नटाला किंमतच नाही, सगळी आरती हीरोची (अशोकमामा चरित्र नट कधीपासून झाले देव जाणे) आणि शेवटी मला टॅग करून, "तुमच्याकडे बघ, साहेब कसे डोक्यावर घेतात नटांना."

हे "तुमच्याकडे" डोक्यात जातं माझ्या.

मी राहतो इंग्लंडात, वॉरिंग्टनला. पीट पॉसलथ्वेट हा नट इथलाच, १९४६चा जन्म. ऑफिसात इथेच जन्मलेल्या पोराला विचारलं तर म्हणे कोण? फोनवर फोटो दाखवला तेव्हा, "अरे हा, जुरासिक पार्कवाला!" घ्या, ही यांची कदर. 'इन द नेम ऑफ द फादर'मध्ये पोराबरोबर तुरुंगात सडणारा निरपराध बाप केला, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, आणि गावात ओळख काय तर डायनासोर. स्पीलबर्ग म्हणाला होता जगातला सगळ्यात भारी नट हाच, त्यावर पीटची मखलाशी अशी की नाही हो, तो म्हणाला पीटला *वाटतं* की तो सगळ्यात भारी आहे.

आणि आपल्याकडे? निळूभाऊंना पडद्यावर बघून गावोगावच्या बायका बोटं मोडायच्या, ती कदर नाही तर काय? 'सिंहासन'मधला दिगू एकदा बघा आणि मग रडा.

'ब्रास्ड ऑफ' (१९९६) मी तीनदा बघितलाय. यॉर्कशायरची कोळसा खाण बंद होतेय, हा खाणकामगारांच्या बँडचा मास्तर, छातीत कोळशाची धूळ भरलेली, हॉस्पिटलात पडलाय आणि बँडवाले रात्री हेल्मेटचे दिवे लावून बाहेर 'डॅनी बॉय' वाजवतात. तो नुसता ऐकतो. गालाची हाडं वर आलेला तो ओबडधोबड चेहरा, त्यात जे होतं ते बघून मला गिरणी सुटलेले आमचे काका आठवतात, दर वेळी. (गंमत म्हणजे हाच माणूस २००९ला म्हणाला, किंग्जनॉर्थला कोळशाचं नवं वीज केंद्र मंजूर केलंत तर माझा ओबीई, म्हणजे इथला सरकारी किताब, परत घ्या.)

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. सुरुवातीला त्याला एजंट म्हणाला होता की आडनाव बदल, एवढं लांबलचक नाव थिएटरबाहेर दिव्यांत लावायला विजेचं बिल कोण भरणार. याने नाही बदललं. २०११ला गेला तोही पॉसलथ्वेट म्हणूनच, मधला टी गिळून उच्चारायचं ते.

मी ज्ञानेश्वर. पासपोर्टवर स्पेलिंग डी-एनने सुरू होतं, पहिल्याच आठवड्यात मॅनेजर अडखळला आणि मीच घाईघाईने म्हटलं, कॉल मी डॅन. कोणी सांगितलं नव्हतं हो, एजंट नाही न कोणी नाही. सतरा वर्षं झाली. कॉस्टातल्या कपावर डॅन, दिवाळीला बॉसचं कार्ड येतं त्यावरही डॅन. आई फोनवर ज्ञानू म्हणते तेव्हा कधीकधी उत्तर द्यायला अर्धा सेकंद जास्त लागतो.

ग्रुपवर हे सगळं लिहायला घेतलं, "आपल्याकडे पण असंच आहे रे" एवढं टाइप केलं आणि थांबलो. खोडलं. तेवढ्यात त्या मित्राचा पुढचा मेसेज येऊन पडला, "काय डॅनसाहेब, गप्प का?"

ते नाव यांना कोणी सांगितलं?