जनावराला सगळं कळतं, हो का तात्या?

मंगळवेढ्याहून तात्यांनी काल रात्री मेसेज ढकलला: ‘जनावर चरायला सोडलं की मालकाची जबाबदारी संपली, पुढं राखोळीवाला, म्हणजे मोबदला घेऊन दुसऱ्याची जनावरं सांभाळणारा, जाणे. जनावराला विष कळतं, पाणी सापडतं आणि मोकळ्या रानातल्याला लस लागत नाही.’ खाली तात्यांचा अंगठा. स्वतःच्या नऊ शेळ्या राखोळीला दिलेला माणूस हे पाठवतो म्हटल्यावर गप्प बसवेना.

विष कळतं? मग किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागून जनावरं मरतात ती हौसेनं का? ज्वारी काढल्यावर अवकाळीचा एक सडाका आला की धसकटांना कोवळे फुटवे येतात. त्यांच्यात, आणि पाण्यावाचून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीतही, असं द्रव्य असतं की पोटात त्याचं हायड्रोसायनिक आम्ल होतं. सायनाइडच ते. शेळीला त्यातलं काही कळत नाही. हिरवं दिसलं की ती तुटून पडते, भुकेली असली तर विचारूच नका. मग धाप लागते, तोंडाला फेस येतो, झटके येतात, आणि फार खाल्लं असेल तर काही मिनिटांत आडवी. सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट शिरेतून देतात, पण डॉक्टर बांधावर येईपर्यंत ती जगली पाहिजे ना! तेच ताट वाळून कडबा झालं की धोका बराच उतरतो, हे आपल्याकडं म्हाताऱ्यांनाही माहीत होतं.

राखोळीवाल्याचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, मान्य. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ३ जनावर ज्याच्या ताब्यात असेल त्या प्रत्येकाला त्याची काळजी घ्यायला बांधतं. पण कलम ११ चं दुसरं पोटकलम वाचा: वाजवी काळजी आणि देखरेख ठेवली नाही तर मालकानंच गुन्हा केला असं धरलं जातं. पहिल्या खेपेचा दंड १० ते ५० रुपये, हे हसण्यासारखं आहे खरं. म्हणून काय जबाबदारी सुटली?

पाण्याचं तर बोलूच नका. मे महिन्यात आपले ओढे कुणी पाहिलेत? आणि लस? गाई-म्हशींचा लम्पी हा त्वचारोग माश्या, डास, गोचिडांनी पसरतो, ते रानात नसतात वाटतं!

तात्या, मेसेज राहू द्या. तुमच्या शेळ्या ओढ्याकडच्या ज्या रानात जातात, तिथली धसकटं परवाच्या पावसानं फुटलीत. सकाळी त्या सोडायच्या आधी एक चक्कर मारून या.