'निनावी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: मॅन्युअल वाचलंय

निनावीजी,

एससीपी या, संगणकांमध्ये फाइलींची ने-आण करणाऱ्या जुन्या आज्ञेवरच्या माझ्या 'एससीपीला आता रजा द्या' या लेखावर तुम्ही लिहिलंत ते सगळ्यांसाठी जसंच्या तसं देतो: "उगाच लोकांना घाबरवू नका. सर्व्हर आपलाच असतो. पॅच येऊन वर्षं झाली. आणि एससीपी ८.० पासून एसएफटीपीवर गेलं, हे साफ चूक. लिहिण्याआधी निदान मॅन्युअल तरी वाचत जा. आरसिंक वापरा, विषय संपला."

आधी चूक कबूल. एससीपी आपणहून एसएफटीपी या नव्या प्रोटोकॉलवरून (फाइली नेण्याच्या नव्या नियमांनी) फाइली न्यायला लागलं ते ओपनएसएसएच (एससीपी ज्यातून येतं ते सॉफ्टवेअर) ९.० मध्ये, एप्रिल २०२२ला. घाईत आकडा चुकला. दुरुस्त केलाय.

आता "निदान मॅन्युअल तरी वाचत जा". त्यातला 'निदान' आणि 'तरी' गाळला असता तरी मुद्दा पोचला असता. 'वाचत जा' हे मी पुतण्यालासुद्धा म्हणत नाही, आणि तो दहावीत आहे. २००४ साली पुण्यात एका छोट्या कंपनीत मी रात्रपाळी करायचो. रोज रात्री बॅकअप एससीपीने ओढायचा, सकाळी साहेबांना दाखवायचा. एससीपीच्या मॅन्युअलची पानं छापून खिळ्याला अडकवलेली होती, त्यांवर चहाचे डाग होते. तेव्हा वाचलंय की नाही, हे मला विचारू नका.

आणि वाचलंय म्हणूनच सांगतो, दुखणं त्यात लिहिलेलंच नव्हतं. तुम्ही 'हिशेब' नावाची फाइल मागता. सर्व्हर म्हणतो, घ्या: परवानग्या या, आकार इतका, नाव हे. ते नाव तुम्ही मागितलेलंच आहे का, हे क्लायंट (तुमच्या बाजूचा प्रोग्राम) धड तपासायचाच नाही. तुम्ही होम डिरेक्टरीत बसून फाइल ओढत असाल, तर लबाड सर्व्हर 'हिशेब'सोबत डॉट-बॅश-अलायसेस नावाची फाइलही सरकवणार, आणि पुढचं टर्मिनल उघडलंत की त्यातल्या आज्ञा तुमच्या नावाने हजर. हा वारसा १९८३च्या बीएसडी या युनिक्समधल्या आरसीपी या जुन्या आज्ञेचा. सुरक्षा संशोधक हॅरी सिंटोनेन यांना ही गफलत सापडली आणि जानेवारी २०१९ मध्ये सीव्हीई-२०१९-६१११ (सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला क्रमांक) म्हणून जाहीर झाली. मधली ३५ वर्षं जगाने मॅन्युअल वाचलंच की! तुम्हीही वाचलं असेल. दिसलं का काही?

पॅचचंही, म्हणजे दुरुस्तीचंही, ऐका. एप्रिल २०१९च्या ८.० मध्ये नावांची पडताळणी आली, आणि तिच्याच पाठोपाठ ती बंद करायचा 'कॅपिटल टी' पर्याय. कारण फाइलींच्या नावातला तारा ('इथे काहीही चालेल' असं चिन्ह) उलगडणार समोरचा शेल (सर्व्हरवरचा आज्ञा चालवणारा प्रोग्राम), आणि तो काय उलगडेल याचा अंदाज क्लायंटने बांधायचा. अंदाज चुकला की हवी ती फाइलसुद्धा नाकारली जाते. आजच्या मॅन्युअलमध्ये या 'टी'खाली स्वच्छ लिहिलंय की हा वापरलात तर सर्व्हरवर पूर्ण भरवसा टाकताय. ८.० च्या टिपणात तर खुद्द ओपनएसएसएचवाल्यांनीच हा प्रोटोकॉल जुनाट आणि सहजी दुरुस्त न होणारा ठरवून एसएफटीपी आणि आरसिंक (फाइली नेणारं दुसरं साधन) यांच्याकडे बोट दाखवलं. तेही बिचारे मॅन्युअल न वाचणारेच म्हणायचे.

बरं, ९.० आल्यावर तरी सुटका झाली? गेल्या वर्षी एका ग्राहकाकडे गेलो. जुन्या उपकरणांत एसएफटीपी नव्हतं, म्हणून तिथल्या मुलाने झाडून सगळ्या स्क्रिप्टांत जुना प्रोटोकॉल वापरायला लावणारा 'कॅपिटल ओ' पर्याय टाकलेला. म्हणजे जिथे गरज नाही तिथेही जुनाच प्रोटोकॉल, राजरोस. "पॅच येऊन वर्षं झाली" हे त्या मुलाला सांगा.

बाकीचं थोडक्यात. सर्व्हर आपलाच असतो. असतो, दुसरा कुणी त्यात घुसेपर्यंत. यावर फार बोलण्यासारखं मला काही दिसत नाही. आरसिंक मीही वापरतो, पण जानेवारी २०२५च्या ३.४.० मध्ये त्याचीही एकदम सहा भोकं बुजवावी लागली, तेव्हा 'विषय संपला' जरा जपून. आणि घाबरवण्याबद्दल म्हणाल, तर लेखात मी घाबरा असं कुठेही म्हटलेलं नाही. शोधून दाखवा.

९.० च्या दुरुस्तीखाली 'एका वाचकाने लक्षात आणून दिलं' असं टाकलंय. नाव टाकणार होतो, पण ते तुम्ही दिलेलं नाही.